२,३१० रुपयांतले ५४ रुपये ५२ पैसे

“त्याने दोन हजार तीनशे दहा भरले म्हणतेस, मग बँकेत दोन हजार दोनशे पंचावन्नच कसे गो?”

सासूबाईंचा हा प्रश्न जुलै २०२० मधला. आमच्या वेबसाइटवर पुण्याहून आलेली ती पहिली ऑर्डर, दोन किलो पापुद्र्याच्या काजूंची. मी सांगितलं, गेटवेवाले, म्हणजे वेबसाइटवर भरलेले पैसे आपल्या बँकेत पोचवणारी कंपनी, दोन टक्के कापतात. त्यांनी तोंडी हिशेब केला आणि म्हणाल्या, “दोन टक्के म्हणजे सेहेचाळीस. हे चोपन्न आहेत.” वरचे आठ रुपये कसले, हे मला त्या दिवशी सांगता आलं नाही. दुकानाचे हिशेब मी ठेवते, आणि मला ते सांगता आलं नाही, हे फार लागलं. पुढची दोन-तीन वर्षं मी जे शिकले, ते त्या आठ रुपयांपासून सुरू झालं.

आधी आम्ही काजूत कसे आलो ते सांगते. आमचं घर गोव्यातल्या डिचोली तालुक्यात. नवऱ्याचे दोन टिप्पर खाणीवर चालायचे, दोन्ही कर्जाचे. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या आणि दोन्ही टिप्पर अंगणात उभे राहिले. हप्ते मात्र थांबले नाहीत. एक विकला, दुसऱ्यावर रेती-चिऱ्यांची भाडी मारली. सासूबाईंना काजू भाजायचं काम लहानपणापासून ठाऊक. बी फोडताना टरफलाच्या तेलाने हात सोलवटतात, म्हणून हातांना राख कशी लावायची, आच कितीवर ठेवायची, हे त्यांच्या हातातच होतं. मागच्या अंगणातल्या भट्टीवर आम्ही पहिल्या हंगामात जे भाजलं ते म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात विकलं. पुढच्या वर्षी रस्त्याला लागून छोटं दुकान घेतलं. व्यवहार सगळा रोखीचा.

काजूच्या धंद्यात नफा पातळ असतो, हे बाहेरच्यांना खरं वाटत नाही. एक किलो गर मिळायला चार ते पाच किलो बी लागते. बीचा दर आमच्या हातात नाही. सत्तरी तालुक्यातले शेतकरी काजू विकत घेणाऱ्या गोवा बागायतदार संस्थेचा त्या दिवसाचा दर विचारून मगच आमच्याशी बोलतात, आणि ते बरोबरच आहे. बी फोडणं, वाळवणी, निवडणी, पाकिटं, वीज, दुकानाचं भाडं हे सगळं वजा जाता हजार रुपयांच्या काजूमागे आमच्या हाती साधारण नव्वद रुपये राहतात. हा नव्वदचा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

कार्डाचं मशीन आलं ते नोव्हेंबर २०१६ नंतर. नोटाबंदीत पर्यटकांकडे सुट्टे नव्हते, एटीएमसमोर रांगा होत्या, आणि कार्ड घेत नाही म्हटलं की गिऱ्हाईक पुढच्या दुकानात. मशीनचं महिन्याचं भाडं होतंच, वर प्रत्येक व्यवहारावर टक्का. तेव्हा आम्ही काउंटरवर पाटी लावली होती: कार्डाने दिल्यास २ टक्के जादा. ती पाटी चुकीची होती. व्यापाऱ्याने डेबिट कार्डाचं शुल्क ग्राहकावर टाकायचं नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. शिवाय १ जानेवारी २०१८ पासून डेबिट कार्डाच्या शुल्काला नवी कमाल मर्यादाही आली. वर्षाची उलाढाल २० लाखांपर्यंत असेल तर ०.४० टक्का आणि एका व्यवहाराला जास्तीत जास्त २०० रुपये. त्याहून मोठ्या व्यापाऱ्याला ०.९० टक्का आणि १,००० रुपये. म्हणजे आम्ही लोकांकडून दोन टक्के मागत होतो आणि बँक आमच्याकडून त्याच्या निम्मेही घेत नव्हती. हे कळलं त्याच संध्याकाळी पाटी काढली. क्रेडिट कार्डाला मात्र अशी मर्यादा नाही, आणि खरा भार तिथेच असतो.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. पर्यटक गेले, दुकान बंद, आणि हंगाम ऐन भरात. घरात बी भरून ठेवलेली. वेबसाइट त्या गरजेतून उभी राहिली. एक गोष्ट आधी कळली ती बरी झाली: आम्ही जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत, म्हणजे छोट्या व्यापाऱ्यांसाठीच्या सोप्या कर-योजनेत होतो, आणि त्या योजनेत राहून परराज्यात माल विकता येत नाही. पुण्याला पाकीट पाठवायचं तर नियमित करदाता व्हावं लागतं. ते झालो. मग एका पेमेंट गेटवेशी करार केला. दर दोन टक्के, मला वाटलं समजायला सोपा.

आता त्या २,३१० रुपयांकडे येते. काजू २,००० रुपयांचे, कुरिअर २०० रुपये, आणि दोन्ही मिळून २,२०० वर ५ टक्के जीएसटी, म्हणजे ११० रुपये. गेटवेचे दोन टक्के लागतात ते पूर्ण २,३१० वर. कुरिअरवाल्याला जाणाऱ्या दोनशेवरही लागतात, सरकारजमा होणाऱ्या एकशे दहावरही लागतात. जे पैसे आमचे कधीच नव्हते त्यांच्यावरही शुल्क आमच्या खिशातून. झाले ४६ रुपये २० पैसे. या शुल्कावर परत १८ टक्के जीएसटी, ८ रुपये ३२ पैसे. सासूबाईंचे ते वरचे आठ रुपये हेच. एकूण ५४ रुपये ५२ पैसे, आणि बँकेत जमा २,२५५ रुपये ४८ पैसे.

दोन टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. पण टक्का विक्रीवर लागतो आणि घर नफ्यावर चालतं. दोन हजारांच्या काजूमागे आमचा नफा एकशे ऐंशी. त्यातले शेहेचाळीस रुपये गेटवेला गेले की नफ्याचा चौथा हिस्सा गेला, थोडा जास्तच. हे गणित मी त्या वर्षी गणेश चवथीच्या आधी पहिल्यांदा कागदावर मांडलं आणि नवऱ्याला दाखवलं. तो बराच वेळ गप्प बसला. डिझेलचा पैसा-पैसा मोजणारा माणूस तो, आणि इथे चौथाई नकळत जात होती.

हे पैसे सगळे गेटवेचे नसतात, हेही सांगायला हवं. ग्राहकाला कार्ड देणाऱ्या बँकेकडे त्यातला मोठा वाटा जातो, थोडा व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपेकडे, थोडा व्यापाऱ्याच्या बाजूच्या बँकेकडे, आणि उरलेला गेटवेकडे. त्यामुळे दर कमी करून मागताना गेटवेला कुठपर्यंत खाली येता येईल याचा अंदाज येतो.

ते आठ रुपये ३२ पैसे परत मिळू शकतात. नियमित करदात्याला शुल्कावरच्या जीएसटीचं इनपुट क्रेडिट मिळतं, म्हणजे तेवढी रक्कम आपल्या भरायच्या करातून वजा होते. मात्र गेटवेच्या खात्यात आपला जीएसटी क्रमांक भरलेला असावा लागतो, तरच त्यांचं महिन्याचं बिल आपल्या नावावर चढतं. मी तो क्रमांक भरलाच नव्हता. आठ महिने आमचं क्रेडिट असंच गेलं, आणि ती चूक सर्वस्वी माझी. ज्यांनी अजून भरला नसेल त्यांनी आज भरावा. आणखी एक: कार्डाने झालेल्या २,००० रुपयांपर्यंतच्या व्यवहाराच्या शुल्कावर जीएसटीची सवलत आहे, आणि ती पेमेंट अ‍ॅग्रिगेटरना, म्हणजे ग्राहकांचे पैसे गोळा करून व्यापाऱ्याला देणाऱ्या कंपन्यांनाही लागू आहे, हे जीएसटी परिषदेने डिसेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं. बिल आलं की छोट्या ऑर्डरींच्या ओळी तपासून बघाव्यात.

दुसरी चूक हिशेबातली. बँकेत जेवढे जमा झाले तेवढीच विक्री, असं धरून मी वहीत लिहीत होते. विक्री २,३१०, शुल्क हा वेगळा खर्च, असं लिहायला हवं होतं. कारण जीएसटीच्या विवरणात विक्री पूर्ण दाखवावी लागते. आमच्या सीए बाईंनी सगळ्या नोंदी बसवून घेतल्या, पण तीन रविवार त्यात गेले. आता गेटवेचा सेटलमेंट रिपोर्ट दर सोमवारी उतरवते: एकूण रक्कम, शुल्क, शुल्कावरचा कर, हातात आलेली रक्कम.

२०२१ च्या पावसाळ्यात पाकिटांच्या सीलमध्ये दोष निघाला. दमट हवा आत शिरली आणि काजू मऊ पडले. चौदा जणांना पूर्ण पैसे परत केले. परत करणं हे आमचं कर्तव्यच होतं. पण तेव्हा कळलं की ग्राहकाला पूर्ण रक्कम परत जाते, गेटवेने घेतलेलं शुल्क मात्र आपल्याला परत येत नाही. चौदा ऑर्डरींचं शुल्क आमच्याच अंगावर. परताव्याची वेळच येऊ नये म्हणून विकायला चांगला माल आहे का हे आता आधीच बघते. नसेल तर पैसे घेण्याआधीच साइटवर तो प्रकार बंद करते.

यूपीआयवर १ जानेवारी २०२० पासून व्यापाऱ्याला शुल्क नाही, रुपे डेबिट कार्डालाही नाही. म्हणून साइटवर मी यूपीआयचा पर्याय सगळ्यांत वर घेतला. निम्म्याहून जास्त लोक तोच वापरतात. पण काही गेटवे आपल्या यंत्रणेचं वेगळं प्लॅटफॉर्म शुल्क लावतात, तेव्हा “यूपीआय फुकट” एवढं ऐकून करार करू नये, दरपत्रकात यूपीआयची ओळ शोधावी. २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्डही यूपीआयला जोडता येतं. एका दिवाळीला भेटीच्या डब्यांचे ३८,००० रुपये एका कार्यालयाने दुकानातल्या क्यूआरवर भरले, आणि बँकेत ३७,१०३ रुपये २० पैसे आले. मी बँकेला फोन करून विचारलं तेव्हा कळलं, पैसे यूपीआयने आले असले तरी त्यामागे क्रेडिट कार्ड होतं. दोन टक्के आणि त्यावर जीएसटी.

परदेशी कार्डांना दर जास्त, आमच्याकडे तीन टक्के. अमेरिकेतली मुलं इथल्या आई-वडिलांना चवथीला काजू पाठवतात, म्हणून ती सोय बंद करवत नाही. त्यातल्याच एका ग्राहकाने आपण न केलेल्या खरेदीचे पैसे वळते झाल्याची तक्रार आपल्या बँकेकडे केली. परदेशी कार्डाला आपल्यासारखा ओटीपी लागतोच असं नाही, त्यामुळे असा वाद निघाला की रक्कम आधी अडकते आणि पुरावा आपण द्यायचा. कारण साधं होतं: त्यांच्या कार्डाच्या पत्रकावर नवऱ्याचं नाव छापून आलं होतं, दुकानाचं नव्हे. त्यांना ते नाव ओळखीचंच नव्हतं. मडगावात पाकीट पोचल्याची कुरिअरची सही होती म्हणून पैसे सुटले. त्यानंतर पत्रकावर दुकानाचं नाव येईल अशी दुरुस्ती करून घेतली.

पैसे दोन कामकाजाच्या दिवसांनी जमा होतात, हे इतर महिन्यांत चालतं. मार्च ते मे मध्ये चालत नाही. वाळपईहून आलेला शेतकरी बी उतरवून दोन दिवस थांबू शकत नाही. गेटवे लगेच पैसे देतो, पण त्याचं वेगळं शुल्क. पहिल्या हंगामात ते दिलं. आता जानेवारी-फेब्रुवारीतल्या विक्रीचे पैसे खरेदीसाठी बाजूला काढून ठेवतो.

गेल्या एप्रिलमध्ये वर्षाची उलाढाल, परताव्यांचं प्रमाण आणि यूपीआयचा हिस्सा एका कागदावर लिहून गेटवेकडे दर कमी करून मागितला. देशी क्रेडिट कार्डासाठी १.८ टक्के मिळाला. दहा हजारांवरच्या ऑर्डरीला आता मी आधी फोन करते आणि एनईएफटीने भरायची विनंती करते. पणजीतली दोन हॉटेलं तसंच भरतात. परदेशी कार्डाच्या तीन टक्क्यांचं बोलणं अजून चालू आहे, चवथीच्या ऑर्डरी सुरू व्हायच्या आत ते मिटवायचं आहे.