एकतीस पैसे आत, शून्य बाहेर

पतसंस्थांच्या सॉफ्टवेअरमधला महिनाअखेरचं व्याज काढणारा क्लास माझ्या गळ्यात पडला, तेव्हा त्यातली एकच मेथड साडेतीनशे ओळींची होती. जुना जावा कोड, हात लावायला सगळे घाबरायचे. मी सगळ्यात निरुपद्रवी कामापासून सुरुवात केली. रक्कम पैशापर्यंत राउंड ऑफ करणाऱ्या चार ओळी उचलल्या, त्यांची ‘राउंड’ नावाची वेगळी मेथड केली आणि आधी प्रोटेक्टेड लिहिलं, म्हणजे या क्लासवर बेतलेल्या खालच्या क्लासना ती वापरता आणि बदलता येईल अशी. कोड कंपाइल झाला, टेस्ट सगळ्या हिरव्या.

आमच्या लीडचा एक हट्ट होता. पैशाला हात लावणाऱ्या मेथडनं काय पाळायचं याचा करार जेएमएल या जावासाठीच्या खास भाषेत लिहायचा आणि कोड तो पाळतो का हे तपासणारं ओपनजेएमएल चालवल्याशिवाय कोड पुढे द्यायचा नाही. आम्ही याला सोपस्कार म्हणायचो. मी करार लिहिला: मूळ रक्कम आणि उत्तर यांत अर्ध्या पैशाहून जास्त फरक नको. आधी ओपनजेएमएल ओव्हरफ्लोवरून, म्हणजे आकडा जागेत न मावण्यावरून, कुरकुरलं. लाँग या पूर्णांकाच्या प्रकारात मावणाऱ्या सर्वांत मोठ्या रकमेत आणखी भर पडली तर काय, म्हणे. एवढं व्याज कुठल्या पतसंस्थेनं पाहिलंय! अट घालून ते मिटवलं.

दुसरी तक्रार माझ्या क्लासबद्दल नव्हतीच. ती होती सोनेतारण कर्जाच्या क्लासबद्दल, जो माझ्याच क्लासवर बेतलेला, पण वेगळ्या मॉड्यूलमध्ये होता आणि माझ्या आयडीईत उघडलेलाही नव्हता. त्यात आधीपासून ‘राउंड’ होती, पावती छापण्यासाठी रुपयापर्यंत राउंड ऑफ करणारी. मी वरच्या क्लासमध्ये तेच नाव दिलं आणि तिनं माझी मेथड गुपचूप ओव्हरराइड केली, म्हणजे तिची जागा घेतली. जावात ओव्हरराइडची खूण लिहिणं सक्तीचं नाही, त्यामुळे कंपायलर गप्प. जेएमएलमध्ये मात्र वरच्या क्लासचा करार खालच्यालाही बांधतो, आणि तिला तो पाळता येईना. ओपनजेएमएलमागच्या, गणितं सोडवणाऱ्या सॉल्व्हरनं उदाहरणही काढून दिलं: ३१ पैसे आत, शून्य बाहेर.

मी कागदावर मांडून पाहिलं. १८,३४० रुपये कर्ज, १२ टक्के दर, महिन्याचं व्याज १८३.४०. माझ्या सुधारलेल्या कोडनं आले असते १८३. टेस्टमधली कर्जं १०,००० आणि २५,००० ची, व्याज १०० आणि २५०. ते कसंही राउंड ऑफ करा, तेवढंच राहणार.

विल्यम ओपडाइक यांनी १९९२ साली इलिनॉय विद्यापीठातल्या प्रबंधात रिफॅक्टरिंगआधी, म्हणजे वागणूक न बदलता कोडची मांडणी बदलण्याआधी, तपासायच्या अटी मांडल्या, हे मला ठाऊक होतं. चार ओळी हलवताना त्या आठवतात कुणाला?

दुरुस्ती एका शब्दाची. प्रोटेक्टेड काढून प्रायव्हेट लिहिलं. आता माझ्या क्लासमधून माझीच ‘राउंड’ बोलावली जाणार, खाली कुणी काहीही नाव ठेवो. पुन्हा चालवलं, तक्रार गेली.

शेजारचा सहकारी खुर्ची सरकवून स्क्रीनकडे बघत होता. म्हणाला, “अगं, मग आधीच प्रायव्हेट का नाही लिहिलंस?”

सवय. दुसरं काही सांगण्यासारखं नव्हतं.