नऊ म्हणजे किती?

शुक्रवार, रात्री ११:१५

दुपारी जेवायला उठतच होते, तेवढ्यात उपकेंद्रातून फोन. "मॅडम, उद्याचं शटडाउन तीन तास अलीकडे घेतलं तर? रात्री अकराऐवजी आठला सुरू करतो. पहाटे चारपासून पाऊस सांगितलाय."

"बघून सांगते," मी म्हणाले. कुठली वीजवाहिनी दुरुस्तीसाठी कधी बंद ठेवायची (म्हणजे शटडाउन), याची परवानगी मी देते, आणि हे माझं नेहमीचं वाक्य. समोरच्याला ते 'नाही' असंच ऐकू येतं, आणि बहुतेक वेळा त्याचं बरोबर असतं.

काम किरकोळ नाही. लाइनच्या आयसोलेटरचा (लाइन वेगळी काढणाऱ्या मोठ्या स्विचचा) एक सांधा तापतोय. थर्मल कॅमेऱ्यातून बघितलं तर आजूबाजूचं सगळं जांभळं आणि मधे तेवढाच एक पांढराफटक ठिपका. करंट दुप्पट झाला की तिथली उष्णता चौपट होते, म्हणजे संध्याकाळच्या ऐन भारात तो सांधा सगळ्यात जास्त सोसतो. दुरुस्तीला सहा तास लागणार आणि तेवढा वेळ अख्खी लाइन बंद. हे काम आधीच दोनदा पुढे गेलंय. पहिल्यांदा जवळचा एक जनित्र संच अचानक बंद पडला, त्याला इलाज नव्हता. दुसऱ्यांदा चूक माझी. समांतर लाइनचा अर्ज पलीकडच्या टोकाच्या नावाने आला होता. (लाइनला दोन टोकं, आणि अर्ज लिहिणारा आपल्या टोकाचं नाव आधी लावतो. एकाच लाइनची दोन नावं होतात ती अशी.) यादीत तो भलत्याच जागी जाऊन बसला आणि दोन्ही लाइन एकाच रात्री बंद करायला मी परवानगी देऊन मोकळी. दोन दिवस आधी लक्षात आलं. एक शटडाउन रद्द करावं लागलं, ते या उपकेंद्रवाल्यांचंच.

त्यामुळे आज 'नाही' म्हणायला जीभ रेटत नव्हती.

उद्या रात्री आठची स्थिती संगणकावर मांडली. सूर्य मावळलेला, म्हणजे सौरऊर्जा शून्य. घरोघरी दिवे लागलेले. आणि बुधवारपासून दुरुस्तीला गेलेली ती समांतर लाइन परत येणार नऊ वाजता. म्हणजे आठ ते नऊ दोन्ही बंद. तरीही वीज सगळीकडे पोचत होती, पडद्यावर कुठे लाल नव्हतं. पण 'आत्ता चालतंय ना' एवढ्यावर आमचं भागत नाही. आहे त्यातलं आणखी कुठलंही एक गेलं तरी उरलेलं टिकलं पाहिजे. याचंच नाव एन मायनस वन. मग संगणकावरच एकेक करून सगळं पाडून बघितलं. बाविसाव्या वेळी एका ट्रान्सफॉर्मरवर आकडा आला क्षमतेच्या ११४ टक्के.

एकच तर तास आहे, असं मनात आलंच. आणि त्यापाठोपाठ ते जहाज आठवलं.

या कामात आलेल्या प्रत्येकाला ती गोष्ट कुणीतरी सांगतंच. जर्मनीत एम्स नदीवरून नॉर्वेजियन पर्ल नावाचं नवं कोरं प्रवासी जहाज समुद्राकडे न्यायचं होतं. उंच जहाज, नदीवरून ३८० केव्हीची दुहेरी लाइन गेलेली, म्हणून ती तेवढ्यापुरती बंद ठेवायची. अर्ज दीड महिना आधीचा, वेळ ५ नोव्हेंबर २००६, रात्री एक. अभ्यास झालेला, शेजारच्या ग्रिडचालकांना कळवलेलं. ३ नोव्हेंबरला दुपारी जहाजबांधणी कारखान्याकडून विचारणा आली, तीन तास अलीकडे घेता येईल का? घेतलं. शेजाऱ्यांना बदल कळला तो ऐन दिवशी, ४ नोव्हेंबरला संध्याकाळी, नीट अभ्यास करायला वेळच उरला नाही. रात्री ९:३८ ला लाइन बंद करायला घेतली. त्यानंतर दुसऱ्या एका लाइनवर भार चढला. त्या लाइनच्या दोन टोकांना सुरक्षेच्या मर्यादा वेगवेगळ्या ठेवलेल्या, आणि हे एका टोकाच्या नियंत्रण कक्षाला नीट ठाऊक नव्हतं. करंट ८० अँपिअरने उतरेल अशा अंदाजाने उपकेंद्रातले बसबार (सगळ्या लाइन जिथे मिळतात ते जाड वाहक) जोडले, तो ६७ अँपिअरने वाढला. १०:१० ला ती लाइन ट्रिप झाली, म्हणजे आपोआप बंद पडली, आणि काही सेकंदांत युरोपच्या ग्रिडचे तीन तुकडे. पश्चिमेकडे वारंवारता ५० वरून ४९ हर्ट्झपर्यंत घसरली, दीड कोटीहून जास्त घरं अंधारात. तुकडे पुन्हा जोडले गेले ते ३८ मिनिटांत, हे मात्र कौतुकाचंच.

मला या गोष्टीत अंधारापेक्षा ती दुपारची विचारणा जास्त छळते. ती ऐकणाऱ्यालाही तीन तास किरकोळच वाटले असणार. वेळ बदलताना आपण नुसता आकडा खोडतो. पण रात्री एकचा अभ्यास रात्री दहाला लागू पडत नाही, ते ग्रिडच वेगळं असतं.

जेवण राहिलं ते राहिलंच. समांतर लाइनवाल्यांना फोन लावला. नऊला नक्की?

"नऊ म्हणजे नऊ, मॅडम."

माझ्याकडे एक वही आहे. एका रकान्यात सांगितलेली वेळ, दुसऱ्यात मिळालेली. लोक खोटं बोलत नाहीत, ते फक्त पाना फिरवण्याचा वेळ धरतात. हत्यारं गोळा करणं, माणसं मोजणं, अर्थिंग (कामापुरती लाइन जमिनीला जोडलेली तार) काढणं, कामाचं परमिट परत करणं, मग नियंत्रण कक्षाचं एकेक ब्रेकर लावणं, हे कुणाच्या हिशोबात नसतं. आणि त्यातला एकही टप्पा घाईने उरकायचा नसतो. अर्थिंग राहिलं आणि लाइन चार्ज केली, म्हणजे तिच्यात वीज सोडली, तर काय होतं ते सांगायला नको. उशीर झाला म्हणून आजवर एकाही गँगला 'आटपा' असा फोन मी केलेला नाही. करणारही नाही.

नऊचे मी मनातल्या मनात दहा केले आणि दहाची स्थिती मांडली. समांतर लाइन परत आलेली असेल तर सगळ्यात वाईट आकडा ८८ टक्के. उपकेंद्राला कळवलं, दहाला घ्या, पण ती लाइन चार्ज झाल्यावरच. नियंत्रण कक्षाला आणि शेजारच्या ग्रिडला बदललेला अभ्यास पाठवला, त्यांचं लेखी उत्तर येईपर्यंत बसून राहिले.

"म्हणजे एकच तास दिलात," फोनवर उपकेंद्रवाले हसले. "तुमचं बरं आहे, उंटावरून शेळ्या हाकायच्या." मीही हसले. घरी येईपर्यंत ते वाक्य टोचत होतं. पहाटे लोखंडावर चढून पावसाकडे बघत पाना फिरवणारी मी नाही.

रविवार, सकाळी ९

समांतर लाइन चार्ज झाली १०:२५ ला. एक अर्थिंग काढताना क्लॅम्प अडकला होता म्हणे. यांचं शटडाउन सुरू झालं १०:४० ला. म्हणजे एवढ्या खटाटोपातून मी त्यांना मिळवून दिली वीस मिनिटं. काम पहाटे ४:३५ ला संपलं, शेवटचा अर्धा तास भुरभुर पावसात.

सांध्याचा नवा फोटो आज संध्याकाळी भार चढल्यावर काढणार आहेत. वहीत लिहून टाकलं: सांगितलेली ९:००, मिळालेली १०:२५.