तुम्ही विचारलंत म्हणून: आबांची रिव्हॉल्व्हर

"नीट लागत नाही म्हणता, मग ती काढून नवी का घेत नाही?" लग्नात, कारखान्याच्या वजनकाट्यावर, परवान्याच्या नूतनीकरणाला गेलो तिथंही हेच. आता एकदाच लिहून टाकतो.

2019 मध्ये शस्त्र कायदा बदलला, तेव्हापासून माणशी दोनच हत्यारं. रानासाठी माझी 12 बोरची बंदूक आहे, ती सोडता येत नाही. म्हणजे नवी .32 ची रिव्हॉल्व्हर घ्यायची तर आबांची द्यावीच लागणार. 'दोन्ही ठेवा की' म्हणणाऱ्यांनी एवढं तरी ऐकून घ्यावं. 1980 च्या दशकात आयात बंद झाल्यापासून विलायती मालाला, म्हणजे आबांच्या रिव्हॉल्व्हरलाही, भाव आहे, हेही मला ठाऊक आहे. पण दोष लपवून ती दुसऱ्याच्या हातात कशी देऊ? आणि सांगितला तर घेणार कोण?

आबा म्हणायचे, "जरा उजवीकडं धर, ती डावीकडं ओढते." मी वीस वर्षं तसंच धरत आलो. पुढं गोळी खालीही जाते असं वाटलं, तेव्हा कानस घेऊन माशी, म्हणजे नळीच्या टोकावरचा नेम धरायचा उंचवटा, घासली. घरी, स्वतः. मूर्खपणा होता. तेव्हा वाटायचं, जुनं हत्यार आहे, त्याचा काही स्वभाव असणारच. अरे शहाण्या, स्वभाव असता तर दरवेळी एकाच अंगाला चुकली असती! सगळी भोकं वीतभर डावीकडं पण एका जागी पडली, तर दोष माशीचा. सहा भोकं सहा दिशांना गेली, तर यंत्राचा, नाहीतर हाताचा. माझी अशीच विखरून जायची. मी दोष हाताचा धरला. पकड बदलली, श्वास रोखून पाहिला, चहासुद्धा सोडला.

मग गेल्या हिवाळ्यात नेमबाजीच्या रेंजवर मुलगी बरोबर आली. माझ्या उजव्या हाताला, सिलेंडरच्या, म्हणजे काडतुसं भरायच्या फिरत्या नळकांड्याच्या, रेषेत उभी होती. तिथं उभं राहू नये हे मला सांगता आलं असतं. चौथ्या बाराला ती "आई गं" म्हणाली आणि गाल धरून खाली बसली. बोटांखालून रक्त आलं, फार नाही, मसुरीच्या डाळीएवढं. डोळ्याखाली दोन बोटांवर शिशाची कपची रुतली होती. रिव्हॉल्व्हर कुठं ठेवली, कुणी रिकामी केली, मला आठवत नाही. "डोळा ठीक आहे, बाबा," हे ती मलाच समजावत होती.

घरी मी चारदा सांगितलं, चष्मा लावलेला होता. खरं होतं. पण तो मी नव्हता लावायला लावला, रेंजवरच्या मास्तरांनी दिला होता. "पाच मिनिटांचं काम आहे, कशाला" असं मी म्हणालो होतो.

मास्तरांनी रिकाम्या सिलेंडरवर पेनानं 1 ते 6 आकडे घातले आणि घोडा सावकाश मागं ओढत एकेक चेंबर, म्हणजे काडतुसाचं घर, पाहिलं. 3 आणि 4 नळीसमोर पुरतं येतच नव्हतं, केसभर अलीकडं अडकायचं. गोळी नळीच्या तोंडाला घासणार, शिसं सोलून सिलेंडर आणि नळीमधल्या फटीतून बाजूला उडणार. उरलेली गोळी लोळत जाणार. कागदावरची लांबट भोकं बघून मी आजवर म्हणायचो, कागदच हलका आहे. मग सगळ्यांना मागं पाठवून मास्तरांनी वाळूच्या पिशवीवर हात टेकला आणि बाकीच्या चार चेंबरमधून चार काडतुसं झाडली. चारही तळहाताएवढ्या जागेत. म्हणजे आबांचं हत्यार दोन तृतीयांश चांगलं होतं आणि माझा हात मी समजत होतो तितका वाईट नव्हता. याचा आनंद झाला, हे लिहायला लाज वाटते. त्या वेळी मुलगी बाकावर गालाला बर्फ लावून बसली होती.

गनस्मिथ म्हणतो, सिलेंडर फिरवणारा पंजा झिजलाय, खाचाही झिजल्यात. सुटा भाग मिळत नाही, हातानं घडवावा लागेल. होईल, पण किती टिकेल ते सांगणार नाही. खर्च कानपूरच्या कारखान्यातल्या नव्या रिव्हॉल्व्हरच्या पाचव्या हिश्शाइतका.

दुरुस्त केली तर पुन्हा तिच्याशेजारी कुणाला उभं करीन? कुणालाच नाही. मग दुरुस्त कशासाठी? आणि विकायची म्हटलं की 'जरा उजवीकडं धर' कानात येतं, जो सल्ला मुळातच चुकीचा होता.

सध्या ती गनस्मिथकडं आहे. पावतीवर 'तपासणी' एवढंच लिहिलंय. 'दुरुस्ती' लिहू का, म्हणून त्याचा फोन आला तेव्हा मुलगी समोर अभ्यास करत होती. मी म्हटलं, सोमवारी सांगतो. तिनं वर पाहिलं नाही. त्यानंतर तीन सोमवार गेले.