स्वस्त ट्रायपॉड घेताना

आधी कॅमेरा आणि सर्वांत जड लेन्स एकत्र वजन करा. दीड किलो भरलं, तर निदान ४ ते ५ किलो क्षमतेचा ट्रायपॉड बघा. स्वस्त मालावरचे आकडे सढळ हाताने छापलेले असतात.

उंची मात्र मधला दांडा खाली ठेवूनच मोजा. दांडा वर काढला की कॅमेरा एकाच नळीवर तोलला जातो आणि थोड्या वाऱ्यानेही फोटो हलतो. पाच टप्प्यांच्या पायांपेक्षा तीन टप्प्यांचे बरे, कारण शेवटची नळी जितकी बारीक, तितकी थरथर जास्त. दुकानात पाय पूर्ण उघडा, वरून दाबा, हलकेच पिळून बघा.

खरी मेख प्लेटमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या तळाला लावून ट्रायपॉडवर अडकवायच्या सुट्या पट्टीत आहे. वेगळ्याच मापाची प्लास्टिकची प्लेट हरवली की अख्खा ट्रायपॉड अडगळीत! आर्का-स्विस या सर्रास चालणाऱ्या मापाची, धातूचीच घ्या. ती सुटी सहज मिळते. तिचा १/४ इंची स्क्रू नाण्याने घट्ट करा. उभ्या फ्रेममध्ये कॅमेरा हळूहळू खाली झुकतो, तो बहुतेकदा इथल्या ढिलाईमुळे.

दांड्याखालच्या हुकाला पिशवी अडकवायची तर ती जमिनीला किंचित टेकू द्या, नाहीतर झुलते. शटरला २ सेकंदांचा टायमर लावा. आणि समुद्रकिनाऱ्यावरून आल्यावर पायांचे सांधे गोड्या पाण्याने धुऊन, उघडे ठेवून वाळवा.