चॉकलेट स्टाउटचे गुणांकन : माझा अनुभव

लंडनमध्ये राहत असताना मी बीअरचे परीक्षण शिकत होतो, आणि सरावासाठी ‘बीजेसीपी’ या परीक्षक-संस्थेची ५० गुणांची पत्रिका वापरत असे. तिच्यात गंधाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडातल्या जाणिवेला ५ आणि एकूण प्रभावाला १० गुण असतात. एका संध्याकाळी मी दोन स्टाउट, म्हणजे भाजक्या धान्याच्या गडद काळ्या बीअर, घेतल्या : इंग्लंडची ‘यंग्ज डबल चॉकलेट स्टाउट’ आणि अमेरिकेची ‘ब्रुकलिन ब्लॅक चॉकलेट स्टाउट’, आणि त्या शेजारीशेजारी ठेवल्या. पहिलीत चॉकलेट माल्टच्या जोडीला खरे डार्क चॉकलेट व चॉकलेटचा अर्क असतो. दुसरीत, जी ब्रुकलिन ब्रुअरीचे बीअरनिर्माते गॅरेट ऑलिव्हर यांनी १९९४ साली तयार केली, चॉकलेट मुळीच नसते. चॉकलेट माल्ट म्हणजे काळपट तपकिरी होईपर्यंत भाजलेले बार्लीचे माल्ट (मोड आणून वाळवलेले धान्य). चॉकलेटचा भास तिथूनच येतो. मला पाहायचे होते ते एवढेच, की हा फरक नाकाला आणि जिभेला कळतो का.

बाटल्या फ्रिजमधून काढून बराच वेळ बाहेर ठेवल्या, कारण गार स्टाउटचा गंध उठत नाही. पेला अर्धाच भरून, सर्वांत आधी वास घेतला. उडून जाणारे गंध फेस बसेपर्यंत थांबत नाहीत. यंग्जमध्ये कोकोचा गोडसर वास थेट वर आला आणि त्याच्या मागे सौम्य भाजका दरवळ होता. ब्रुकलिनमध्ये मात्र आधी तव्यावर करपलेल्या भाकरीच्या पापुद्र्याचा वास, मग कडू चॉकलेट, मग मनुका. रूपाबद्दल फारसे लिहिण्यासारखे नाही. दोन्ही काळ्या, पण यंग्जचा पेला दिव्यासमोर धरल्यावर कडेला लालसर छटा दिसली. कोकोतील स्निग्धांश फेसाला मारक असतो, म्हणून तिच्या फेसाकडे मी मुद्दाम लक्ष ठेवले; तो चांगला टिकला.

चवीत मला सर्वाधिक वेळ लागला. यंग्जचे मद्यप्रमाण ५.२ टक्के, घोट मऊ, चॉकलेट आरंभी ठळक, आणि शेवटी माल्टची बेताची कडवट किनार, त्यामुळे गोडवा चिकट होत नाही. ब्रुकलिनचे प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास, म्हणून घोट गिळल्यावर छातीत ऊब उतरते आणि भाजका कडवटपणा कितीतरी वेळ जिभेवर रेंगाळतो. चॉकलेटची चव तिच्यात आत, माल्टमध्येच मुरलेली वाटली. यंग्जमध्ये ती वरून घातल्याचे जाणवते, आणि माझ्या मते हा दोष नव्हे, कारण नावातच तसे सांगितले आहे. शिवाय चॉकलेट घातलेली बीअर स्पर्धेत मसाला-वनस्पतींच्या गटात द्यावी लागते. तिला साध्या स्टाउटच्या मापाने मोजणे अन्यायाचे ठरले असते.

यंग्जला मी ३६ गुण दिले, ब्रुकलिनला ४१. शेऱ्याच्या रकान्यात यंग्जपुढे लिहिले : ‘कोको स्पष्ट, तोल उत्तम, भाजक्या माल्टला आणखी थोडी जागा मिळती तर बरे.’