सह्याद्रीसाठी एकट्याचा हलका तंबू : निवडीची आतापर्यंतची नोंद

दिवाळीनंतरच्या भटकंतीसाठी एका माणसाचा, दीड किलोच्या आतबाहेरचा तंबू घ्यायचा, असे पावसाळ्याच्या तोंडावर ठरवले होते. त्या शोधाची आतापर्यंतची प्रगती येथे नोंदवत आहे. गरज अशी आहे : ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळात घाटमाथ्यावरच्या दोन-तीन मुक्कामांच्या डोंगरयात्रा, त्याही बहुतेक वेळा एकट्याने, आणि जमल्यास वर्षाकाठी एकदा हिमालय. भर पावसातला मुक्काम मी गावातल्या देवळात, शाळेच्या ओसरीवर किंवा ओळखीच्या घरीच करतो, त्यामुळे दिवसरात्र कोसळणाऱ्या पावसाला तोंड देणारा तंबू मला नको आहे. एवढी एक अट सुरुवातीलाच वगळल्यामुळे पर्यायांची यादी बरीच पालटली.

प्रथम वजनाविषयी, कारण जाहिरातीत सर्वांत ठळक आकडा तोच असतो आणि सर्वांत फसवाही तोच. उत्पादक बहुधा दोन वजने देतात. ‘ट्रेल वेट’ म्हणजे केवळ इनर (आतला जाळीचा कप्पा), फ्लाय (त्यावरचे पाणी अडवणारे छप्पर) आणि पोल (सांगाड्याच्या काठ्या) यांचे वजन, तर ‘पॅक्ड वेट’ म्हणजे पेग (जमिनीत ठोकायच्या खुंट्या), दोऱ्या, पिशव्या असे खोक्यातून निघणारे सगळे धरून होणारे वजन. दोहोंत दीडशे-दोनशे ग्रॅमचा फरक सहज पडतो, आणि ठळक अक्षरांत अर्थातच पहिले छापलेले असते. खाली अंथरायची ग्राउंडशीट या दोन्हींत धरलेली नसते. आपल्याकडे मात्र तिला पर्याय नाही. कापणी झालेल्या गवताचे बोटभर उंचीचे ताठ बुडखे आणि वाळलेल्या कारवीच्या खोडांची टोके पातळ कापडाला पहिल्याच रात्री भोके पाडतात. म्हणून तुलना करताना प्रत्येक तंबूच्या पॅक्ड वजनात ग्राउंडशीटचे वजन मिळवूनच आकडा लिहायचा, असा दंडक घालून घेतला.

सध्या हलक्या तंबूंमध्ये ज्यांचा सर्वाधिक बोलबाला आहे, ते ट्रेकिंग पोलवर, म्हणजे चालताना हातात धरायच्या काठ्यांवर, उभे राहणारे तंबू आहेत. कॅनडातील डॅन डर्स्टन यांनी आखलेला आणि २०१८ मध्ये बाजारात आलेला ‘एक्स-मिड’ कर्णाच्या दोन टोकांकडे सरकवलेल्या दोन पोलांवर उभा राहतो. त्याच्या एका माणसाच्या आवृत्तीचे वजन सुमारे ८०० ग्रॅम भरते. चिनी बनावटीचा ‘लानशान १’ एकाच पोलवर उभा राहतो आणि किलोच्या आत बसतो. दोन्हींची आखणी हुशारीची आहे, याबद्दल दुमत नाही. परंतु त्यांचे गणित एका गृहीतकावर उभे आहे : चालणाऱ्याच्या हातात पोल असतातच, म्हणून त्यांचे वजन तंबूच्या खात्यात धरायचे नाही. अमेरिकेतील लांब पल्ल्याच्या, बांधीव आणि सौम्य चढाच्या पायवाटांवर ते गृहीतक खरे ठरते. नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढताना किंवा शिडी घाटाने भीमाशंकरला जाताना दोन्ही हात कातळावर लागतात आणि पोल सॅकला बांधून झाडोऱ्यात अडकत राहतात. मी स्वतः फार तर एक काठी वापरतो. तेव्हा केवळ तंबूसाठी म्हणून ॲल्युमिनियमच्या पोलांची जोडी न्यायची, तर जवळपास अर्धा किलो वाढतो, आणि आठशे ग्रॅमचा तंबू सव्वा किलोच्या पुढे जातो. ज्यांना दोन्ही पोलांशिवाय एक पाऊलही टाकवत नाही, त्यांनी हा परिच्छेद खुशाल बाजूला ठेवावा; त्यांच्यासाठी हाच प्रकार सर्वांत किफायतशीर आहे.

याहून मोठी अडचण जमिनीची आहे. ट्रेकिंग पोलचा तंबू पेगशिवाय उभाच राहत नाही. कापडाचा ताण हाच त्याचा सांगाडा असतो. सह्याद्री म्हणजे बेसॉल्टचा कातळ आणि त्यावर किल्ल्यांच्या माथ्यांवर जेमतेम चार बोटे माती. ऑक्टोबरमध्ये ती ओलसर असते आणि पेग निमूट आत जातो. जानेवारीत तीच माती भाजल्यासारखी टणक होते आणि पेग वाकतो तरी, नाहीतर दोन इंचांवर कातळाला टेकून थांबतो. कोकणातल्या जांभ्याच्या सड्यावर तर पेग पिशवीतून काढण्याचेही कारण नाही. उसन्या आणलेल्या एक-पोली तंबूची चाचणी मुद्दाम अशाच पातळ मातीच्या पठारावर घेतली. तो उभा राहिला. मात्र प्रत्येक कोपऱ्यासाठी दगड शोधून आणण्यात संध्याकाळचा उजेड संपला.

दगडाने दोरी बांधण्याची रीत अनेकांना ठाऊक असेल, तरीही लिहून ठेवतो, कारण बहुतेक जण दोरी थेट मोठ्या दगडाभोवती गुंडाळतात आणि बेसॉल्टच्या धारेवर ती रात्रभर घासत राहते. त्याऐवजी दोरीच्या टोकाला मोठा फास करावा, तो नारळाएवढ्या लहान दगडात अडकवावा किंवा त्यात पेग आडवा घालावा, आणि मग तंबू व लहान दगड यांच्या मध्ये, दोरीवरच, दोन्ही हातांनी उचलावा लागेल असा मोठा दगड ठेवावा. दोरी ताणली की लहान दगड मोठ्याच्या पाठीला येऊन टेकतो आणि वाऱ्याचा हिसका जितका जोराचा, तितका घट्ट बसतो. ताण कमी-जास्त करायचा झाल्यास केवळ लहान दगड सरकवावा लागतो. यासाठी कंपनीने दिलेली दोरी नेहमी आखूड पडते. प्रत्येक कोपऱ्याला किमान दीड मीटरची, दोन मिलिमीटर जाडीची दोरी स्वतः जोडून घ्यावी. उठताना हे दगड जिथून आणले तिथे परत ठेवावेत. गडावरच्या जोत्यांचे आणि तटबंदीचे दगड तर या कामासाठी उचलूच नयेत.

उरले स्वतःच्या पोलवर उभे राहणारे तंबू. त्यांतही दोन जाती आहेत आणि विक्रेते त्यांची सर्रास सरमिसळ करतात. ‘कॉपर स्पर’ या तंबूसारख्यांचा सांगाडा इनरच्या चारही कोपऱ्यांपर्यंत पोचतो; तो खरोखर स्वतंत्र उभा राहतो. नेचरहाइकच्या ‘क्लाउड अप १’सारख्या तंबूत वाय आकाराचा पोल असतो, त्याचे दोन पाय उशाच्या कोपऱ्यांत जातात आणि तिसरा पायथ्याच्या, म्हणजे पायांकडच्या बाजूच्या, मध्यावर टेकतो, म्हणून पायथ्याचे दोन कोपरे पेगने किंवा दगडाने ताणावेच लागतात. दोन्ही प्रकारांत फ्लायच्या पुढची पडवी ताणायला पेग लागतो, हे वेगळेच. म्हणजे ‘स्वतंत्र’ या शब्दाने दगड शोधण्याचे काम पूर्ण टळत नाही, पण सहा-आठ दगडांऐवजी तीन पुरतात, आणि एखादा दगड रात्री निसटला तरी छप्पर अंगावर येत नाही. माझ्या दृष्टीने तीन-चारशे ग्रॅम जास्त वाहण्याचे हे पुरेसे कारण आहे. डिसेंबरनंतर गडांवरची अनेक कातळात खोदलेली पाण्याची टाकी आटतात आणि पाणीच तीन-चार लिटर पाठीवर घ्यावे लागते. त्या ओझ्यापुढे एवढा फरक खांद्याला कळतही नाही.

दुसरा प्रश्न दवाचा. निरभ्र रात्री उघड्या पठारावर तंबूचे कापड आकाशाकडे उष्णता टाकत भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होते, आणि त्याच्या दोन्ही अंगांना पाणी धरते. आत झोपलेला माणूस त्यात भर घालतो. श्वासावाटे आपण दिवसाला साधारण ३०० ते ४०० मिलिलीटर पाणी बाहेर टाकतो, त्यातला रात्रीचा वाटा त्या थंड कापडावरच जाऊन बसतो. एकेरी भिंतीच्या, म्हणजे इनर आणि फ्लाय वेगळे नसलेल्या, तंबूत पहाटे बाजूला वळलो की स्लीपिंग बॅगचा खांदा ओला होतो. दुहेरी भिंतीच्या तंबूत पाणी फ्लायला आतून धरते खरे, पण मधल्या जाळीमुळे ते अंगाला लागत नाही. जागा निवडणे हा यावरचा अर्धा उपाय आहे : टाक्याच्या काठाची आणि खोलगट जागा टाळून, झाडाच्या कडेला, थोड्या उंचवट्यावर तंबू लावला तर सकाळी फ्लाय कितीतरी कमी भिजलेली मिळते. उरलेला अर्धा उपाय म्हणजे फ्लायची खालची कड जमिनीपासून वीतभर उचललेली असणे. थंड प्रदेशासाठी केलेल्या तंबूंची फ्लाय जमिनीला टेकते. आपल्याकडे तोच गुण अवगुण ठरतो.

इनर नको, नुसती ताडपत्री पुरे, असे मानणारे काही मित्र आहेत. वजनाच्या दृष्टीने ते बरोबर आहेत. पण कोकणात आणि घाटात लाल विंचू आहे, आणि महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपचार रूढ करण्यापूर्वी तो किती बळी घेत असे, हे त्या भागातल्या जुन्या माणसांना चांगले आठवते. पूर्ण चेन लागणारे इनर आणि चारही बाजूंनी वर वळलेला तळ, ही अट म्हणून मी सोडणार नाही.

कापडाविषयी वाचावे तितके थोडे आहे. डेनियर म्हणजे ९००० मीटर धाग्याचे ग्रॅममधील वजन. हलक्या तंबूंत १५ ते २० डेनियरचे कापड असते. कापडाच्या माहितीतले ‘३००० मिमी’ म्हणजे पाण्याचा तेवढ्या उंचीचा स्तंभ कापड गळू न देता पेलते. छपराला १५०० पुष्कळ झाले. जास्तीचा आकडा तळासाठी पाहावा, कारण गुडघा टेकून बसल्यावर खालच्या ओल्या मातीवर पडणारा दाब पावसाच्या थेंबापेक्षा कितीतरी अधिक असतो. नायलॉन भिजले की सैल पडते आणि रात्री उठून दोऱ्या पुन्हा ताणाव्या लागतात. पॉलिस्टर जवळजवळ सैल पडत नाही, पण तितक्याच वजनात थोडे कमी मजबूत असते. डायनीमा या अतिहलक्या, मजबूत धाग्याच्या कापडाचे तंबू ४०० ग्रॅमच्या आसपासही मिळतात, पाणी पीत नाहीत आणि ताणही धरून ठेवतात; परंतु त्यांची किंमत आणि वर सीमाशुल्क पाहता, आणि कारवीच्या टोकांचा विचार करता, तो विषय मी लगेच मिटवला.

आपल्या हवेत खरा कस लागतो तो कापडाच्या आतल्या लेपाचा. स्वस्त तंबूंना पॉलियुरेथेनचा लेप असतो आणि दमट हवेत त्याचे विघटन होते : कापड चिकट होते, आंबूस वास येऊ लागतो, शिवणीवरची पट्टी सुटते आणि लेपाचे पापुद्रे निघतात. मुंबई-कोकणातल्या घरात जून ते सप्टेंबर कपाटात घट्ट गुंडाळून ठेवलेला तंबू न वापरताच म्हातारा होतो. दोन्ही बाजूंनी सिलिकॉन असलेल्या कापडाला हा रोग होत नाही, पण त्यावर शिवणीची पट्टी चिकटत नाही. शिवणी स्वतः सिलिकॉनने बुजवाव्या लागतात. एका संध्याकाळचे हे काम मला लेपाच्या विघटनापेक्षा परवडते. पॉलियुरेथेनच घ्यायचे झाल्यास पॉलिइथर प्रकारचा लेप अधिक टिकतो, आणि कोणताही तंबू पूर्ण वाळवून सैलसर सुती पिशवीत ठेवावा.

मापांची खात्री करण्यासाठी गच्चीवर खडूने प्रत्येक इनरचा तळ आखला आणि त्यात फुगवलेली मॅट, स्लीपिंग बॅग आणि सॅक ठेवून पाहिली. २१० सेंटिमीटर लांबी कागदावर ऐसपैस वाटते. पण भिंत उतरती असल्याने पायथ्याशी वीतभर जागा केवळ नावाला असते, आणि आठ सेंटिमीटर जाडीच्या मॅटवर झोपले की पाय आणखी वर जाऊन कापडाला लागतात. माझी उंची पाच फूट आठ इंच आहे. मला २१५च्या खालचे माप नको. तसेच मॅटवर मांडी घालून बसलो असता जमिनीपासून डोक्यापर्यंतचे अंतर भिंतीवर खुणेने मोजले. ते ९५ सेंटिमीटर भरले, म्हणून आतली उंची किमान १०० हवी, आणि तीही दाराजवळ हवी, पायाशी नव्हे. या चाचणीत यादीतली निम्मी नावे गळाली. सॅक आत मावत नाही, ती पडवीत राहील. मात्र गडांवरच्या माकडांचा अनुभव लक्षात घेता खाण्याची पिशवी उशाशीच ठेवावी लागेल.

हिमालयाचा विचार केवळ शेवटची निवड करताना केला. उत्तराखंड उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये बुग्याळांवर (उंचावरच्या गवताळ कुरणांवर) रात्रीच्या मुक्कामाला मनाई केल्यापासून तिथला मुक्काम झाडीच्या रेषेखाली सरकला आहे; तिथे माती खोल असते, वारा अडतो आणि तीन ऋतूंचा तंबू पुरतो. बर्फासाठी वेगळा तंबू लागतो, तो भाड्याने घेणे शहाणपणाचे. आपल्याकडेही कळसूबाई-हरिश्चंद्रगड हे अभयारण्य आहे, तेव्हा तंबू कितीही हलका असला तरी वनखात्याकडे आधी विचारणा करावी.

आजची स्थिती अशी आहे : वाय आकाराच्या पोलचा, दुहेरी भिंतीचा, दोन्ही बाजूंनी सिलिकॉन असलेल्या २० डेनियर नायलॉनचा, हिरव्या रंगाचा तंबू ठरवला आहे. ग्राउंडशीट, जादा दोऱ्या आणि पोल मोडल्यास वर चढवायची ॲल्युमिनियमची नळी धरून लगेज काट्यावर तो १ किलो ६२० ग्रॅम भरला. सोबतचे गोल पेग बदलून सहा वाय छेदाचे पेग घेतले आहेत. ते टणक मातीत वाकत नाहीत. शिवणी बुजवणे बाकी आहे, कारण सिलिकॉन सुकायला कोरडे ऊन लागते आणि परतीचा पाऊस अजून रेंगाळतो आहे. त्यानंतर पहिला मुक्काम रायरेश्वराच्या पठारावर, तंबूची पायांकडची बाजू वाऱ्याच्या दिशेने करून. वाऱ्यात फ्लाय इनरला कुठे चिकटते ते तिथे पाहायचे आहे. ज्यांनी नायलॉनऐवजी पॉलिस्टरची फ्लाय पठारी वाऱ्यात दोन-तीन हंगाम वापरली आहे, त्यांनी शिवणीपाशी कापड कसे टिकले ते कळवावे.