दोन आणि चारवर

आपली टाळी समेची वाट बघत असते. भजनाला बसलेल्या माणसाचे हात पहिल्या मात्रेवर आपोआप एकमेकांवर येतात. शिकागोतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये मात्र हीच सवय पंचाईत करते. गॉस्पेलच्या, म्हणजे तिथल्या भक्तिगीतांच्या, चार मात्रांत पाय १ आणि ३ वर पडतो, टाळी २ आणि ४ वर. पाहुण्याने समेवर टाळी दिली की पुढच्या बाकावरच्या आजीबाई हळूच मान वळवणार. उपाय सोपा: आधी फक्त पाय धरायचा, तो पक्का झाला की मधल्या रिकाम्या जागेत टाळी टाकायची. घाई केली की लय चढते आणि ड्रमवाल्याला सगळ्यांना मागे ओढत बसावं लागतं.

पण टाळी सुखाच्या गाण्यांची. संकटातली गाणी इतकी संथ असतात की तिथे टाळीला जागाच नाही. एकेका मात्रेचे तीन तुकडे होतात, अंग दादऱ्यासारखं डुलतं, आणि हात मांडीवर नाहीतर शेजारच्याच्या खांद्यावर.

सर्वांत संथ प्रकार फार जुना, गीतांची पुस्तकं मोजकी आणि वाचता येणारे त्याहून मोजके होते तेव्हाचा. एक जाणता ओळ भरभर म्हणून दाखवतो आणि बाकीचे ती लांबवत गातात. पदाच्या चार ओळींत उच्चाराचे तुकडे बहुधा ८-६-८-६, पण एकेक तुकडा इतक्या स्वरांवरून फिरतो की चार ओळींना काही मिनिटं सहज लागतात. बुवांच्या मागे टाळकऱ्यांनी धृपद धरावं तसंच हे, फक्त इथे ओळ आधी हातात ठेवली जाते. खचलेल्या माणसाला याहून मोठी सोय कुठली? त्याला काही आठवावं लागत नाही.

यात चूक होते ती पट्टीची. म्होरक्याने उत्साहात वर सुरू केलं की तिसऱ्या कडव्याला बायकांच्या गळ्यात नुसती किंकाळी उरते. म्हणून जाणता खालीच सुरू करतो. वाद्यांसह गाणाऱ्या वृंदाला तर हे पथ्य हवंच, कारण तिथे पट्टी पुढे चढणारच असते. पांढरी एकवरून काळी एक, मग पांढरी दोन, असं अर्ध्या-अर्ध्या स्वराने. वृंदात बहुतेकदा तीनच आवाज: सोप्रानो (बायकांचा उंच), आल्टो (बायकांचा खालचा), टेनर (पुरुषांचा उंच). खर्जाचं काम हॅमंड या विजेवरच्या ऑर्गनच्या पायपट्ट्या करतात. त्या ऑर्गनला जोडलेल्या लेस्ली स्पीकरच्या पेटीत कर्णा गरगर फिरतो आणि सूर थरथरतो; फिरण्याला दोन वेग. कळ दाबल्यावर वेग पकडायला कर्ण्याला जरा वेळ लागतो. म्हणून मुरलेला वादक रंग चढण्याच्या किंचित आधीच ती दाबतो. नवशिका ऐन क्षणी दाबतो आणि थरथर उशिरा येते.

या संगीताला आजचं रूप देणारा टॉमस डॉर्सी मूळचा ब्लूजचा पियानोवाला. ऑगस्ट १९३२ मध्ये तो परगावी गायला गेला असताना बायको बाळंतपणात गेली, पाठोपाठ बाळही गेलं. त्यातून त्याचं सर्वांत गाजलेलं गाणं आलं, ‘टेक माय हँड, प्रेशस लॉर्ड’. त्याची चाल मात्र एकोणिसाव्या शतकातल्या जुन्या स्तोत्राची. हा चाली बांधणारा माणूस, पण त्या घडीला त्यालाही ओळखीचीच चाल हाताशी लागली. एप्रिल १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या अंत्यविधीला गॉस्पेल गायिका महालिया जॅक्सन यांनी हेच गाणं गायलं.

आणि शब्दच फुटत नसतील तर? त्यालाही रीत आहे. जुन्या बायका तोंड मिटून नुसतं गुणगुणत राहतात, एकीचा श्वास संपतो तिथे दुसरीचा सुरू होतो. ऑर्गनवाल्याने तेव्हा कर्णा संथ वेगावर आणायचा आणि आवाज कमी-जास्त करणारी पायाखालची पट्टी अर्धी उचलून आवाज उतरवायचा, गुणगुण ऐकू येईल इतपत.